आधी ताट बघा, घड्याळ नंतर

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोनतीन महिन्यांनी एक वाद ठरलेला असतो. कोणीतरी सकाळी सकाळी टाकतं, "दीक्षित सरांचं सुरू केलंय, तीन महिन्यांत सहा किलो कमी", की दुसरी बाजू लगेच पुढे येते, उपाशी राहून पित्त होतं, आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगते तसं दर दोनतीन तासांनी थोडं थोडं खा, तूप सोडू नका, आजी जे खायची ते खा. मग कोणाच्या मामांच्या गोळ्या सुटल्या, कोणाचे केस गळले, असं करत रात्र होते आणि कोणाचंच मत बदललेलं नसतं. मी १३ वर्षं इंग्लंडमधे लीड्सला राहते, आणि इतकी वर्षं हा वाद वाचत आलेय. यावेळी लिहायचं ठरवलं, कारण मला मनापासून वाटतं की आपण चुकीच्या प्रश्नावर एकमेकांशी भांडतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात की कडक भूक लागते त्या दोन वेळांनाच खायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मधे काही नाही, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, हे ते स्वतःच प्रत्येक ठिकाणी सांगतात. दिवेकरांचं बरोबर उलट, पोट फार वेळ रिकामं ठेवू नका, घरचं, ऋतूप्रमाणे आणि आपल्या भागात पिकणारं खा. दोघांमुळेही कितीतरी लोकांचं भलं झालंय हे मी स्वतः बघितलंय, त्यामुळे कोणालाही खोटं पाडायला मी बसलेली नाही. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच होते ती म्हणजे चहाबरोबर नकळत पोटात जाणारी बिस्किटं, खारी, फरसाण बंद होतं, आणि माझ्या मते अर्धा फायदा तिथेच असतो. पण "किती वेळा" हे ठरलं तरी "काय आणि किती" हे राहतंच ना. त्याबद्दल ग्रुपवर कोणी भांडत नाही.

मला हे कळलं ते चाळिशी उलटल्यावर. इथे ४० ते ७४ वयाच्या लोकांना दर पाच वर्षांनी एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची, फुकट तपासणी असते, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन, डायबेटिसचा धोका असं सगळं. मी निर्धास्त गेले. माझी उंची १५७ सेंटीमीटर, वजन ५९ किलो, अंगानं मी काही जाड दिसत नाही, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २४ च्या आत. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोनतीन महिन्यांतली सरासरी साखर, आलं ४४, म्हणजे आपल्याकडच्या हिशोबानं ६.२ टक्के, प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या उंबरठ्यावर. नर्सनं तक्ता पुढे सरकवला आणि शांतपणे सांगितलं की गोऱ्या लोकांसाठी २५ ही रेघ असली तरी दक्षिण आशियाई लोकांसाठी ती २३ ला आहे, म्हणजे तुमचं वजन तुमच्यासाठी जास्तच आहे. मी बाहेर येऊन गाडीत दहा मिनिटं नुसती बसून होते. माझ्या बाबांना ४८ व्या वर्षी डायबेटिस निघाला होता, तेही असेच बारीक होते, आणि तेव्हा घरात सगळे म्हणायचे की टेन्शननं झालं.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की याचं उत्तर आपल्या पुण्यातच शोधलं गेलंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. बीएमआय तोच, आत चरबी दुपटीहून जास्त. याज्ञिकांच्या टीमनं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली बाळंही मोजली होती, सरासरी जन्मवजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. आपली बाळं लहान, पण कमी पडलं होतं ते मुख्यतः स्नायूंमधे, चरबी त्या मानानं जपलेली. म्हणजे स्नायूंची शिल्लक आपल्याकडे जन्मापासूनच कमी आणि वय वाढतं तशी ती आणखी घटते.

आता स्नायूंचं आणि साखरेचं काय नातं, तर जेवल्यावर रक्तात जी साखर येते तिचं सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे आपले स्नायू. गोदाम लहान असेल तर माल बाहेरच पडून राहणार. आणि स्नायू काम करत असताना इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर आत ओढून घेतात, म्हणून जेवणानंतर दहापंधरा मिनिटं चाललं तरी साखरेच्या आकड्यात फरक दिसतो. आपल्याकडे शतपावली होतीच की. ती आपण सोडली आणि जेवण झाल्या झाल्या सोफ्यावर मोबाईल घेऊन बसायला लागलो.

मागच्या उन्हाळ्यात आई नाशिकहून तीन महिन्यांसाठी आली होती. वय ६८, वजन ६० किलो. एकदा मी सहज म्हणून तिचं ताट किचनच्या वजनकाट्यावर ठेवलं, ओरडलीच ती, अन्नाची मापं काढू नयेत म्हणाली, पण मला बघायचंच होतं. दोन पोळ्या, वाटीभर भात, बटाट्याची भाजी, आणि वरण, जे तिनं सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं, पाणी घालून सारखं केलं होतं. पोळ्यांच्या साठ ग्रॅम कणकेतून सहासात ग्रॅम प्रोटीन, भातातून तीन, पातळ वरणातून चारपाच, बटाट्यातून दोन. सगळं मिळून पंधरासोळा. सकाळी चहा आणि पोहे, रात्री मऊ खिचडी, म्हणजे दिवसभरात तीस-पस्तीसच्या वर जातच नव्हतं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हिशोबानं वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम धरलं तर तिला पन्नासच्या आसपास हवं. आणि हे खात्यापित्या घरातलं ताट आहे, टंचाईतलं नाही.

हे फक्त माझ्या आईपुरतं नाही. २०२५ मधे आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या डायबेटिसवरच्या देशव्यापी अभ्यासात भारतीयांच्या कॅलरीपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात असं दिसलं, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत धान्यांतून ४५ टक्क्यांच्या वर नको, भाज्या दिवसाला ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम असं स्पष्ट लिहिलंय. चारशे ग्रॅम भाजी म्हणजे कच्च्या भाजीचा चांगला मोठा ढीग होतो, करून बघा एकदा, आपण ताटात डावीकडे चमचाभर कोशिंबीर वाढतो आणि भाजी खाल्ली असं समजतो. दोनदा जेवा नाहीतर सहादा, ताट हेच राहिलं तर मला नाही वाटत फार काही बदलेल.

आणि अजून एक गोष्ट मला त्या तीन महिन्यांत दिसली, आधी कधी दिसली नव्हती कारण सवयीच्या गोष्टी दिसत नाहीत. मी मुद्दाम मटकीची उसळ केली होती, घट्ट. आईनं वाढायला घेतली आणि जावयाच्या वाटीत दाणे, नातवाच्या वाटीत दाणे, माझ्याही वाटीत दाणे, शेवटी स्वतःला घेतली तेव्हा पळीत नुसता रस्सा. कोणी सांगितलं नव्हतं तिला. चाळीस-पंचेचाळीस वर्षं हात तसाच चालतोय. डाएटवर इतकी पुस्तकं, इतकी भाषणं, इतके व्हिडिओ, पण वाढणारी बाई शेवटी काय खाते यावर आमच्या ग्रुपवर एकदाही शंभर मेसेज झालेले मी बघितले नाहीत, त्यात आम्ही मुलीही आलो.

ग्रुपवरचे काहीजण म्हणतात, तुम्हाला तिकडे बरं आहे, सगळं हेल्दी मिळतं. हे खरं नाही. इंग्लंडमधे लोकांच्या कॅलरीपैकी निम्म्याहून जास्त अतिप्रक्रिया केलेल्या खाण्यातून येतात, २०२२ च्या सरकारी आरोग्य सर्वेक्षणात ६४ टक्के प्रौढ जास्त वजनाचे किंवा स्थूल होते, ऑफिसमधे दुपारी बघावं तर गार सँडविच, बटाट्याचे वेफर्स आणि गोड पेय हेच जेवण. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो, ऊन नाही म्हणून हिवाळ्यात व्हिटॅमिन डी घ्या असं सरकारच सांगतं. आणि इथले आपले लोक, त्यात मी पण आले, आठवडाभर फ्रोझन पराठे आणि शनिवारी कोणाकडे तरी जेवण, त्यात पावभाजी, पुलाव, दोन गोडाचे पदार्थ. देश बदलला म्हणून ताट बदलत नाही.

पण दोन गोष्टी इथे वेगळ्या आहेत आणि त्या मला आपल्याकडे मनापासून हव्या आहेत. एक म्हणजे बहुतेक पाकिटांवर समोरच लाल, पिवळा, हिरवा रंग असतो. १०० ग्रॅममधे साखर साडेबावीस ग्रॅमच्या वर गेली की लाल, मीठ दीड ग्रॅमच्या वर गेलं की लाल. हे कंपन्यांना सक्तीचं नाही, तरी बऱ्याच जणी छापतात. माझा नऊ वर्षांचा मुलगा रंग बघून सांगतो, वाचावं लागत नाही. आणि एप्रिल २०१८ पासून १०० मिलीमधे पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असलेल्या पेयांवर कर आहे, त्या कराच्या भीतीनं कितीतरी कंपन्यांनी साखर आधीच कमी केली, म्हणजे लोकांना उपदेश न करताच साखर घटली. आपल्याकडे एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, २०२२ मधे पाकिटांवर तारे छापायचा मसुदा आणला. तारे म्हणजे बक्षीस वाटतं, इशारा वाटत नाही, त्यामुळे माझं मत त्याच्या विरोधात आहे. २०२५ च्या जुलैमधे समोसा-जिलेबीचे बोर्ड लागणार म्हणून केवढा गदारोळ झाला, आपल्याच पदार्थांना बदनाम करता वगैरे, शेवटी सरकारला सांगावं लागलं की ठेल्यावरच्या पदार्थांवर काही छापायचं नाहीये, कचेऱ्यांमधे तेलासाखरेची माहिती लावायची आहे. लावू द्या की. नाक्यावरचा समोसा तळलेला आहे हे निदान डोळ्यांना दिसतं, "मल्टीग्रेन" लिहिलेल्या बिस्किटात काय आहे ते दिसत नाही.

दुसरी गोष्ट फुटपाथ. मी ऑफिसला जाताना स्टेशनपर्यंत वीस मिनिटं आणि परत वीस मिनिटं चालते, ठरवून नाही, रस्ता चालण्यासारखा आहे म्हणून. नाशिकला आमच्या घरासमोर फुटपाथवर दुचाक्या, पुढे डीपी, पुढे खोदलेलं, त्यामुळे आई सोसायटीच्या पार्किंगमधे गाड्यांच्या मधून फेऱ्या मारते. २०२२ च्या आकड्यांवरून भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत आणि बायकांमधे ते प्रमाण ५७ टक्के आहे असं लॅन्सेट ग्लोबल हेल्थमधे आलं होतं, तेव्हा लोकांना आळशी म्हणणाऱ्या बऱ्याच पोस्ट वाचल्या. आळस असेलही, पण कुठे चालायचं तेही सांगा. नगरसेवकाकडे फुटपाथ मागणं हा सुद्धा डाएटचाच भाग आहे असं माझं ठाम मत आहे.

चालणं मात्र पुरत नाही, हे मला उशिरा कळलं. डब्ल्यूएचओ आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगतं आणि त्याच्याच खाली लिहिलेलं असतं, आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम. ती ओळ आपण वाचतच नाही, बायका तर नाहीच. आई आली तेव्हा जमिनीवर बसली की उठताना सोफ्याचा हात धरायची. मी तिला जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसवलं, हात छातीशी घडी, न धरता उभं राहायचं आणि हळू बसायचं. पहिल्या दिवशी चार झाले, पाचव्याला मांड्या थरथरायला लागल्या आणि तिनं माझं मनगट घट्ट धरलं. एक दिवसाआड केलं. ताटही बदललं, एक पोळी, अर्धी वाटी भात, पन्नास ग्रॅम सुकी मटकी किंवा मूग भिजवून केलेली उसळ, दही, आणि काकडी-गाजर-कोबी पोटभर, आणि वाढायचं काम मी माझ्याकडे घेतलं. सातव्या आठवड्यात ती न धरता बारा वेळा उठली, आणि एक दिवस देवापुढे खाली बसली होती ती उठून सरळ स्वयंपाकघरात आली, सोफा पलीकडच्या खोलीत होता.

माझं एचबीए१सी वर्षानं ४० वर आलं, वजन फक्त तीन किलो उतरलं. मी दिवसातून तीनदा जेवते, ना दोनदा ना सहादा.

काल ग्रुपवर परत सुरू झालं, दोनदा की सहादा. मी यावेळी मत नाही टाकलं, फक्त एवढंच लिहिलं की प्रत्येकानं आज रात्री आपल्या आईच्या नाहीतर बायकोच्या ताटाचा फोटो टाका, सगळ्यांना वाढून झाल्यावरचा, आणि ती वाढणारी तुम्हीच असाल तर स्वतःच्या ताटाचा. आत्तापर्यंत सात फोटो आलेत. चार ताटांत वाटीत नुसता रस्सा आहे.