पिन्याता फोडायचाच असतो

जगभरातले सण मुलांच्या ओळखीचे व्हावेत म्हणून घरात किंवा वर्गात हस्तकला करणाऱ्या सगळ्यांना माझा एक प्रश्न आहे. वस्तू बनवून झाली, फोटो काढून झाले, पुढे काय? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. भिंतीवर लावली, मग कपाटावर गेली, मग धूळ बसली म्हणून मुलं झोपल्यावर गुपचूप टाकून दिली. माझ्या मते सणाची वस्तू बनवणं हे निम्मंच काम. त्या दिवशी तिचं काय करतात आणि सण संपल्यावर तिला निरोप कसा देतात, हे उरलेलं निम्मं. आपण नेमकं तेच सोडून देतो.

मेक्सिकोचा पिन्याता, म्हणजे आत खाऊ भरून सजवलेली पोकळ वस्तू, घ्या. १६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्री तिकडे 'लास पोसादास' असतो. येशूचे आईवडील मरिया आणि योसेफ यांना बेथलेहेममध्ये आसरा मिळेना, त्या प्रसंगाची आठवण म्हणून लोक गाणी म्हणत दारोदार जातात, आतले लोक गाण्यातूनच नकार देतात आणि शेवटी एक दार उघडतं. मग डोळे बांधून, वर टांगलेला पिन्याता काठीने फोडायचा. पूर्वी तो मातीच्या मडक्याचा असे, आता बहुतेक कागदाच्या लगद्याचा असतो. पारंपरिक आकार सात टोकांच्या ताऱ्याचा. ती सात टोकं म्हणजे ख्रिस्ती परंपरेतली सात पापं. म्हणजे ही वस्तू बडवून फोडण्यासाठीच जन्माला आलेली आहे!

आणि ती बनवायला मात्र भरपूर वेळ लागतो. फुग्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या पिठाच्या खळीत बुडवून चिकटवायच्या, थर वाळू द्यायचा, पुन्हा चिकटवायच्या. मग पुठ्ठ्याचे सात शंकू. मग पतंगाच्या कागदाच्या झालरी कापून खालून वर एकेक ओळ लावत जायची. इतकं सगळं हाताने केल्यावर एका गटातल्या मुलांनी फोडायच्या दिवशी सरळ बंड पुकारलं. "आम्ही नाही फोडणार." एकाने तोडगा काढला की दुसऱ्या गटाने बनवलेला फोडू, आपला ठेवू. दुसरा गट अर्थातच खवळला. "राहू दे ना, किती सुंदर झालाय," असं म्हणणारे पालकही होते. मी मागे हटले नाही. पाऊण तास नुसता वाद चालला: फोडायचाच होता तर इतका सुंदर का बनवायचा? कुरूप बनवला असता तर फोडताना मजा आली असती का? मेक्सिकोतल्या मुलांना वाईट वाटत नसेल का? हे प्रश्न त्यांना मी शिकवले नव्हते, ते त्यांच्याच तोंडून आले. शेवटी फोडला. सगळ्यांत मोठ्याने ओरडून विरोध करणाऱ्या मुलीने काठी सगळ्यांत जोरात मारली, हे जाता जाता सांगते. तो पिन्याता कपाटावर गेला असता तर यातलं काहीएक घडलं नसतं.

एकदा या नजरेने बघायला लागलं की सणांच्या कितीतरी वस्तू मुळात टिकण्यासाठी बनतच नाहीत, हे दिसतं. ग्वातेमालातल्या अँतिग्वा शहरात ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात लोक रस्त्यावर रंगवलेल्या भुशाचे गालिचे घालतात. पुठ्ठ्याचे साचे ठेवून, चाळणीने भुसा पाडत, तासन्‌तास. मग मिरवणूक येते आणि सरळ त्यावरून चालत जाते. ग्वातेमालाच्या या पवित्र सप्ताहाचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०२२ मध्ये समावेश झाला. म्हणजे वारसा ठरलेल्या उत्सवातली ही कला दरवर्षी पायाखाली जाते. मुलांबरोबर हे करायला सोपं आहे: भुसा, रंग, जुन्या खोक्यांचे साचे आणि पसारा सहन करण्याची मोठ्यांची तयारी. त्यावरून चालायची पाळी आली की धाकटी मुलं उड्या मारत जातात, मोठी कडेकडेने.

इराण आणि आसपासच्या देशांत नवरोजच्या, म्हणजे तिथल्या नववर्षाच्या, मांडणीत 'सब्जे' म्हणून ताटलीत उगवलेले गव्हाचे किंवा मसुराचे हिरवे कोंब असतात. नवरोजच्या तेराव्या दिवशी सगळे घराबाहेर, निसर्गात जातात आणि ते कोंब वाहत्या पाण्यात सोडतात. सोडण्याआधी पात्यांना गाठ मारून मनातली इच्छा धरतात. यात कातरी नाही, डिंक नाही. रोज पाणी शिंपडायचं आणि वाट बघायची. काही लोक याला हस्तकला म्हणायला तयार नसतात. नसोत. ताटलीवर ओल्या फडक्याखाली काय चाललंय ते बघायला मुलं दिवसातून किती वेळा फडकं उचलतात ते एकदा बघाच. (आणि त्यामुळे कोंब सुकतात, तेव्हा एक ताटली जास्तीची लावा.)

अगदी लहान मुलांसाठी माझी पहिली पसंती बल्गेरियाच्या मार्तेनित्साला. १ मार्चला लाल आणि पांढऱ्या धाग्याचा पीळ मनगटावर बांधायचा. स्वतःला नाही, एकमेकांना. करकोचा किंवा पाकोळी दिसेपर्यंत, नाहीतर झाडाला मोहोर दिसेपर्यंत तो हातावर ठेवायचा. दिसला की धागा काढून झाडाच्या फांदीला बांधायचा. रुमानिया आणि मोल्दोवातही हीच प्रथा आहे, तिकडे तिला मर्त्सिशोर म्हणतात. या देशांनी आणि उत्तर मॅसेडोनियाने मिळून ही प्रथा युनेस्कोकडे मांडली आणि २०१७ मध्ये ती यादीत आली.

पीळ घालायची रीत बघण्यासारखी आहे. दोन मुलं समोरासमोर उभी राहतात, लाल-पांढऱ्या धाग्यांची टोकं धरतात आणि दोघंही आपापल्या उजवीकडे पीळ देत राहतात. धागा ताठ हवा. कुणी जरा सैल सोडला की लगेच त्याला गुठळ्या पडतात. भरपूर पीळ बसला की तिसरं मूल मधोमध बोट ठेवतं, टोकं एकत्र आणायची आणि बोट काढायचं. सर्रकन दोन्ही पदर एकमेकांभोवती गुंडाळले जातात. पहिल्यांदा बघताना मुलांच्या तोंडून हमखास "आँ!" निघतं. कारण साधं आहे: पिळलेला धागा उलगडायला बघतो आणि तसं करताना शेजारच्या पदराला गुंडाळतो. दोरखंड वळण्यामागेही हेच तत्त्व आहे. पण याची खरी गंमत पुढच्या काही आठवड्यांत असते. हातावर धागा असेपर्यंत मूल झाडांकडे आणि पक्ष्यांकडे बघत असतं. निसर्गनिरीक्षणाच्या कुठल्याही वहीपेक्षा हे काम चोख होतं. धागा सुती किंवा लोकरीचा घ्या, प्लास्टिकचा नको. फांदीला सैल बांधा.

आता जपानचा तानाबाता. ओरिहिमे आणि हिकोबोशी, म्हणजे अभिजित आणि श्रवण हे दोन तारे. आकाशगंगेच्या दोन काठांवर राहणारे प्रेमी, वर्षातून एकदाच भेटणारे. बहुतेक ठिकाणी हा सण ७ जुलैला असतो, सेंदाई शहरात ६ ते ८ ऑगस्टला. जगभरच्या शाळांमध्ये तानाबाता म्हटलं की रंगीत पट्टीवर इच्छा लिहून बांबूच्या फांदीला बांधतात आणि तिथेच थांबतात. सेंदाईत मात्र पट्टीसोबत आणखी सहा प्रकारची सजावट असते: कागदी किमोनो, क्रौंच पक्षी, बटवा, मासेमारीचं जाळं, लांब झिरमिळ्या आणि सातवी, माझी अत्यंत लाडकी, कचऱ्याची टोपली! बाकीची सजावट करताना पडलेली कागदाची कातरणं त्या टोपलीत भरून तीसुद्धा बांबूला टांगायची. स्वच्छता आणि काटकसर यांचं ते प्रतीक.

मुलांना जाळं करायला द्या. पतंगाचा कागद लांबीत दोनदा दुमडून चिंचोळी पट्टी करायची. एकदा डाव्या कडेने काप, एकदा उजव्या कडेने, आळीपाळीने, दुसऱ्या कडेपर्यंत न पोचता. एकही काप आरपार गेला की जाळं तुटलं, त्यामुळे जीभ बाहेर काढून काम चालतं. मग उलगडायचं. इथे घाई करणारं मूल फाडून बसतं, कारण घामट बोटांना तो कागद चिकटतो. हलकी फुंकर घातली की थर सुटतात. मग दोन टोकं धरून उचललं की वीतभर कागदाचं हातभर जाळं खाली लोंबतं. नंतर टेबलावर आणि जमिनीवर पडलेली कातरणं गोळा करायला सांगावं लागत नाही, कारण टोपली भरायची असते. आवरून ठेवणं हाच सजावटीचा एक भाग करून टाकणाऱ्या माणसाला माझा साष्टांग नमस्कार.

सण झाला की ते सजवलेले बांबू पूर्वी नदीत सोडत किंवा जाळत. नदीत सोडण्यावर आता बहुतेक ठिकाणी बंधनं आहेत, आणि ते योग्यच आहे. शेवट पाळायचा म्हणजे डोळे मिटून पाळायचा असं मी म्हणत नाही. थायलंडचा लॉय क्राथोंग बघा. बाराव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला केळीच्या सोपटाची चकती, कडेने केळीच्या पानांच्या घड्या, वर फुलं, उदबत्ती, मेणबत्ती, असा छोटा तराफा पाण्यात सोडायचा. मध्यंतरी थर्माकोलचे क्राथोंग आले. मग त्याला पर्याय म्हणून पावाचे आले, मासे खातील म्हणून. पण एकाच पाण्यात फार पाव पडला की तो कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू कमी होतो. बँकॉकची महापालिका सणाच्या रात्रीनंतर लाखोंनी क्राथोंग पाण्यातून काढते आणि किती नैसर्गिक, किती थर्माकोलचे, याचे आकडे जाहीर करते. मुलांसमोर ही सगळी गोष्ट ठेवा आणि विचारा, आपला कशाचा करायचा, कुठे सोडायचा? पाण्याने भरलेली मोठी परात चालते. चमकी लावलेला प्लास्टिकचा क्राथोंग कुठेच चालत नाही.

यावरून त्या तयार संचांकडे येते. "जगातले सण, एका डब्यात." आत सगळं आधीच कापलेलं, छिद्रं पाडलेली, मागे चिकट कागद. मुलाने फक्त सोलायचं आणि क्रमांकाप्रमाणे चिकटवायचं. तासाभरात पाच देश उरकतात. वर्गातल्या सगळ्या मुलांच्या वस्तू एकमेकींच्या जुळ्या बहिणी, आणि हातात काय राहिलं तर चिकट कागदाचे पापुद्रे. दमलेल्या शिक्षकांना आणि वेळ नसलेल्या आईबापांना सोय लागते, हे मला पुरेपूर समजतं. पण मग वर्षात एकच सण घ्या. पाच देशांचे झेंडे रंगवण्यापेक्षा एक जाळं नीट कापणं बरं.

"पण हे धार्मिक होत नाही का?" असं विचारणारे भेटतात, आणि त्यांना बरं वाटावं म्हणून सणातला सण काढून टाकणारेही भेटतात. पिन्याता सांगायचा पण पापं गाळायची. मेक्सिकोचे नक्षीचे कागद, पापेल पिकादो, कापायचे, पण ते मृतांच्या सणाला लावतात हे बोलायचं नाही. कशासाठी? पुएब्ला राज्यातल्या सान साल्वादोर उइशकोलोत्ला गावचे कारागीर ४०-५० पातळ कागदांची चळत एकावर एक ठेवून छिन्नी आणि हातोडीने ती नक्षी पाडतात. १ नोव्हेंबरला गेलेल्या मुलांची आठवण काढतात, २ नोव्हेंबरला मोठ्यांची. वेदी झेंडूच्या फुलांनी सजवतात, आणि झेंडू मूळचा तिकडचाच. कागद पातळ असतो, वाऱ्याने फाटतो, उन्हाने विटतो, आणि आयुष्यही तसंच, असं तिथले लोक सांगतात. मुलांना हे झेपतं. कुणाचे आजोबा गेलेले असतात, कुणाचं मांजर. ती स्वतःहून बोलायला लागतात. कावरेबावरे होतात ते मोठे.

काही गोष्टी मात्र मी करायला देत नाही. उत्तर अमेरिकेतल्या मैदानी प्रदेशांतल्या जमातींचा गरुडपिसांचा शिरोभूषण-मुकुट हा मिळवायचा मान असतो. त्याची रंगीत पिसांची नक्कल डोक्याला बांधून नाचणं मला पटत नाही. नियम सोपा ठेवलाय: ती वस्तू तिथली मुलं सणाला स्वतः बनवतात का? जर्मनीत ११ नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या दिवसासाठी मुलं कंदील बनवतात आणि अंधारात गाणी म्हणत मिरवतात. स्वित्झर्लंडमध्ये सलगम पोखरून त्याचा दिवा करतात. हे बिनधास्त करावं. फक्त कंदील केला तर अंधार पडेपर्यंत थांबा आणि तो घेऊन बाहेर पडा. दुपारी बाराला वर्गात टांगलेल्या कंदिलात काय अर्थ आहे?

आता कुणीतरी म्हणेल, सगळंच मोडायचं का? नाही हो. फिनलंडचं हिम्मेली, म्हणजे राय नावाच्या धान्याच्या काडांत दोरा ओवून केलेलं टांगतं झुंबर, नाताळला जेवणाच्या टेबलावर लावलं की परंपरेने थेट उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत राहायचं, पीक चांगलं यावं म्हणून. डेन्मार्कची विणलेली कागदी हृदयं तर पिढ्यान्‌पिढ्या डब्यात जपून ठेवतात. दोन रंगांचे घडी घातलेले कागद, त्यांना पट्ट्यांसारखे काप, आणि मग एक पट्टी दुसरीच्या पोटातून, पुढची तिच्या अंगावरून, असं आळीपाळीने. जमलं तर शेवटी आतून उघडणारी छोटी पिशवी तयार होते. त्यात खाऊ भरून झाडाला टांगायचा. आज माहीत असलेलं सगळ्यांत जुनं हृदय परीकथा लिहिणाऱ्या हान्स ख्रिश्चन अँडरसन यांनी १८६०च्या सुमारास केलेलं मानतात.

सात-आठ वर्षांखालच्या मुलांना हे देऊ नका, रडतील. मोठ्यांना दिलंत तर पहिलं हृदय चार-चार पट्ट्यांचं नको, दोन-दोनचं करा. आणि कागद जरा जाड घ्या, घोटीव कागद तिसऱ्या पट्टीलाच फाटतो.