दुपारची वीज स्वस्त, पण घरी कोण?

दिवसाच्या वेळेनुसार विजेचा दर बदलला की लोक वीजवापर आपसूक बदलतील, हे वीजदरांवरील लेखातील म्हणणे मला अर्धेच पटते. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार सौर तासांत, म्हणजे दिवसा सौरवीज भरपूर मिळते तेव्हा, दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी, तर सर्वाधिक मागणीच्या, म्हणजे बहुधा संध्याकाळच्या, तासांत घरगुती ग्राहकाला किमान १० टक्के जास्त असायला हवा. आमच्या गोव्यातील फोंड्याच्या घरी आई असते, म्हणून पाण्याचा पंप आणि वॉशिंग मशीन दुपारी लावता येते. पण वेर्ण्याच्या कारखान्यात दिवसभर राबून दिवेलागणीला भाड्याच्या खोलीत परतणाऱ्या जोडप्याने मिक्सर, इस्त्री, पंखा लावायचा तरी केव्हा? सुरुवातीच्या काही युनिटांना ही वाढ लागू करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.