दोन्ही खुणा माझ्याच हातच्या

मागच्या लेखावर "एक कंत्राटी" या नावाने आलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मंदीनंतर कंपन्यांची आशा आधी परतते आणि भरती मागाहून येते, असं मी लिहिलं होतं. त्यावर हे दादा म्हणतात:

"ताई, सर्व्हेत तुमचे लोक 'चांगले दिवस येणार' सांगतात आणि गेटवर आम्हाला 'जागा नाही' म्हणतात. दोन्हींतलं एक खोटं आहे. मंदी हे निमित्त. परमनंट काढायचे होते ते काढले, आता तीच कामं आमच्याकडून दर सात महिन्यांनी ब्रेक देऊन करून घेता. तुमच्या लेखात 'हळूहळू' हा शब्द पाच वेळा आलाय, त्यावर माझं घर चालत नाही. तुमच्याकडे किती परमनंट आणि किती ठेकेदाराचे, ते आधी सांगा."

दादा, आकडा विचारलात तो सांगणार आहे. पण त्याआधी खोट्याचं बोलू.

ऑक्टोबर 2020 मध्ये आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये औद्योगिक संघटनेचा एक फॉर्म आला होता. रिझर्व्ह बँक दर तिमाहीला कारखान्यांची पाहणी करते ना, तसाच, फक्त छोटा. येत्या तीन महिन्यांत ऑर्डर वाढतील, तशाच राहतील की घटतील? मी "वाढतील"वर खूण केली. दोन ओळी खाली प्रश्न होता, कामगारसंख्या? तिथे "तशीच राहील"वर. एकच पेन, एकच मिनिट. दोन्ही उत्तरं खरी होती. तुम्हाला त्यातलं एक खोटं वाटतं, कारण पहिली खूण हे तुम्हाला दिलेलं वचन आहे असं तुम्ही धरलंत. आणि तसं धरण्यात तुमची चूक नाही, कारण पेपरात त्या खुणांची बेरीज "उद्योगांत उत्साह" अशा मथळ्याखाली येते.

त्या महिन्याचंच उदाहरण घ्या. कारखानदारीचा पीएमआय, म्हणजे कंपन्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांना विचारून काढलेला निर्देशांक (50 च्या वर म्हणजे वाढ, खाली म्हणजे घट), कोरोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल 2020 मध्ये, 27.4 वर कोसळला होता, तो ऑक्टोबरमध्ये 58.9 झाला. सगळीकडे आनंदीआनंद. पण त्याच अहवालात कामगारसंख्या सलग सातव्या महिन्यात घटल्याचं लिहिलं होतं. हे शक्य होतं, कारण त्या निर्देशांकात नव्या ऑर्डरींचं वजन 30 टक्के, उत्पादनाचं 25 आणि रोजगाराचं फक्त 20. ऑर्डर आणि उत्पादन जोरात असलं की माणसं कमी होत असतानाही आकडा चढतो. दुसरं असं की तो मागच्या महिन्याशी तुलना करतो. विहिरीत पडलेला माणूस पाच पायऱ्या चढला की "वर चाललाय" म्हणायचं, ते खरंही असतं. पण काठ अजून लांब असतो, आणि काठ किती लांब आहे हे तो आकडा सांगत नाही.

त्या अहवालांत रोजगाराचा आकडा वाढलेला दिसला तो थेट जुलै 2021 मध्ये, पंधरा महिने घटत राहिल्यानंतर. तीही किंचित वाढ. हे काही आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेतली मोठी मंदी अधिकृतपणे जून 2009 मध्ये संपली. नोकऱ्यांनी तळ गाठला फेब्रुवारी 2010 मध्ये आणि मंदीपूर्वीइतक्या नोकऱ्या परत व्हायला मे 2014 उजाडला. त्याआधीची मंदी नोव्हेंबर 2001 मध्ये संपली होती, तरी नोकऱ्या 2003 च्या मध्यापर्यंत कमीच होत होत्या.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. आम्ही दुचाकी आणि ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला लागणाऱ्या पिना आणि छोट्या शाफ्टचं टर्निंग-ग्राइंडिंग करतो. गिऱ्हाईक कंपनी महिन्याच्या शेवटी शेड्यूल पाठवते. त्यात तीन रकाने असतात. पुढच्या महिन्याचा आकडा पक्का, त्यानंतरच्या दोन महिन्यांचे टेंटेटिव्ह. म्हणजे माझी दृष्टी कितीही लांबची असली तरी कागदावर मला एकच महिना दिसतो. आणि तो पक्का आकडाही वीस तारखेला फोन करून कमी केला जातो. 2021 मध्ये चिपच्या टंचाईने गाड्यांच्या लाइनी थांबायला लागल्या, तेव्हा तयार माल आमच्या रॅकवर पडून राहिलेला मी पाहिलाय. चिप तैवानची, गाडी पुण्याची, आणि पिना माझ्या शेडमध्ये.

अशा वेळी ऑर्डर वाढली की आधी काय होतं? ओव्हरटाइम. कायद्याने दुप्पट दर आहे, तरी तो परवडतो, कारण ऑर्डर गेली की ओटी थांबतो. त्यानंतर ठेकेदाराला फोन जातो, दोन हेल्पर पाठव म्हणून. मग आयटीआयची ॲप्रेंटिस मुलं. आपल्या स्वतःच्या हजेरीवर, म्हणजे परमनंट, माणूस घ्यायचा विचार सगळ्यात शेवटी. मागच्या लेखात मी हा क्रम एखादा ऋतुचक्राचा नियम असावा तसा सांगितला आणि शेवटी लिहिलं, "हळूहळू हीच माणसं परमनंट होतात." दादा, ते वाक्य मी मागे घेतेय. ते मी माझ्या 1990 च्या दशकातल्या आठवणीवर लिहिलं होतं, आजच्या पाहणीवर नाही. साधारण 2000 च्या सुमारास कारखान्यांतल्या पाच कामगारांत एक ठेकेदारामार्फत असायचा. 2022-23 च्या वार्षिक उद्योग पाहणीत हे प्रमाण 40 टक्क्यांच्या वर गेलेलं आहे. मंदी येते, जाते, तो आकडा मात्र चढत राहतो. मंदीत केलेली तात्पुरती सोय पुढच्या तेजीत कुणी मोडत नाही. तुमचं म्हणणं इथे पूर्ण बरोबर आहे.

सात महिन्यांनंतरच्या ब्रेकचंही तेच. वर्षात 240 दिवस भरले की नोटीस आणि भरपाईचा हक्क लागू होतो, आणि सात महिने म्हणजे साधारण 210 दिवस. हा हिशेब गेटवर कुणी बोलून दाखवत नाही, पण मस्टर रोल (हजेरीपट) लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. त्याला मंदीचा काहीएक संबंध नाही. ऑर्डर भरपूर असतानाही ब्रेक दिला जातो, त्याच मशीनवर त्याच माणसाला महिन्याभराने पुन्हा उभं केलं जातं. याचं समर्थन मला करता येत नाही आणि करायचंही नाही.

पण "मंदी हे निमित्त" हे मात्र मी मान्य करणार नाही, निदान सगळ्यांच्या बाबतीत नाही. एप्रिल ते जून 2020 मध्ये देशाचं उत्पन्न 23.9 टक्क्यांनी घटल्याचा पहिला अंदाज आला, तेव्हा तो आकडा मला पेपरातून कळायची गरज नव्हती. एप्रिलमध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या कार कंपनीने देशात एकही गाडी विकली नाही. आमचं एप्रिलचं बिलिंग शून्य होतं. बँकेच्या आधीच्या कर्जाची जी रक्कम बाकी होती तिच्या 20 टक्क्यांइतकं नवं कर्ज सरकारच्या हमीवर मिळत होतं, ते आम्ही घेतलं आणि त्यातून दोन महिन्यांचे पगार केले. ते कर्ज होतं, फेडायचं होतं. लघुउद्योगाला 45 दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा 2006 चा आहे. माझी बिलं तेव्हा 110 दिवसांनी सुटत होती. तक्रार करायची सोय आहे, पण गिऱ्हाईक दोनच असताना त्यांच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? तुम्ही गेटबाहेर उभे राहून ज्याला मालक म्हणता, तो कित्येकदा दुसऱ्या कुणाच्या गेटबाहेर फाइल घेऊन बसलेला असतो.

जुलै 2020 मध्ये आम्ही बावीसपैकी सात जणांना थांबवलं. नोटिशीचे आणि भरपाईचे पैसे दिले. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, ते द्यायचेच असतात. त्या सातांत आमचा ग्राइंडर, म्हणजे ग्राइंडिंग करणारा कारागीर, होता. चौदा वर्षं सेंटरलेस ग्राइंडिंगवर. व्हीलचा आवाज बदलला की शेडच्या दुसऱ्या टोकाला चहा पीत असला तरी कप ठेवून उठायचा, ड्रेसिंगला आलंय, म्हणजे व्हील घासून पुन्हा धारदार करायला हवं, म्हणून. त्याचा पगार सगळ्यात जास्त, म्हणून यादीत त्याचं नाव आलं. ती यादी मी केली होती.

दसऱ्यानंतर शेड्यूल वाढलं. त्याच्या जागी उभा केलेला मुलगा हुशार होता, पण पिनांना टेपर यायला लागला, म्हणजे त्या एका टोकाला निमुळत्या होऊ लागल्या. एक लॉट परत आला, त्याचे पैसे बिलातून कापल्याची डेबिट नोट आली. मी ग्राइंडरला फोन लावला. तो औशाजवळच्या आपल्या गावी होता. त्या ऑक्टोबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यात भिजलेलं सोयाबीन वाळत घालत होता. मी म्हटलं, ऑर्डर आल्यात, ये. तो म्हणाला, "येतो की ताई. पण किती दिवसांसाठी?"

माझ्यासमोर शेड्यूलचा कागद होता. एक रकाना पक्का, दोन टेंटेटिव्ह. मी म्हटलं, सध्या तीन महिने तरी नक्की. त्यावर तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, खोलीचं डिपॉझिट पुन्हा भरायचं, पोरीची शाळा इथे घातलीय, तीन महिन्यांसाठी कसं यायचं? तो आला नाही. त्या काळात देशातल्या काम करणाऱ्यांमध्ये शेतीवर असलेल्यांचं प्रमाण वाढल्याचं सरकारी पाहणीत दिसतं, 2018-19 मधल्या 42.5 टक्क्यांवरून 2020-21 मध्ये 46.5. आयुष्यभर ते घटतानाच पाहिलेल्या मला तो आकडा वाचताना त्याचा आवाज ऐकू आला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की अपेक्षा मालकाचीच मोजतात, कामगाराला कुणी फॉर्म पाठवत नाही. त्याचीही येत्या तिमाहीबद्दल, येत्या वर्षाबद्दल अपेक्षा असते आणि तोही तीवरच निर्णय घेतो. मी अनिश्चिततेचं ओझं गिऱ्हाइकाकडून घेतलं आणि जसंच्या तसं त्याच्या डोक्यावर ठेवलं. तो ते उचलायला तयार झाला नाही, त्याचं बरोबर होतं. मला ते महागात पडलं. नवा मुलगा तयार व्हायला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांचं रिजेक्शन मी नंतर मांडून पाहिलं, तर ग्राइंडरला दिवाळीपर्यंत घरी बसवून पगार दिला असता तरी स्वस्त पडलं असतं. हे गणित जुलैमध्ये मांडायला हवं होतं. तेव्हा मी फक्त पगाराचा रकाना पाहिला.

म्हणून माझ्यासारख्या छोट्या मालकांना मी सांगत असते की मंदीत काट मारायची वेळ आली तर आधी सगळ्यांचे दिवस कमी करा, चार दिवसांचा आठवडा करा, माणूस शेवटी. आणि माणूस घ्यायची वेळ आली की आधी ज्यांना थांबवलं त्यांना फोन करा. त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्यात 25-एच कलमात हेच होतं, कपात केलेल्या कामगाराला नव्या भरतीत पहिला मान. ते कलम फार थोड्या कामगारांना माहीत होतं. तुमच्यासारख्यांपर्यंत तर ते पोचतच नाही, कारण कागदावर तुमचा मालक ठेकेदार, आणि मुदत संपली म्हणून थांबवणं ही कायद्याच्या भाषेत कपातच नव्हे. मंदी सरल्यावर पहिला फोन कुणाला जाणार, हे असं मंदीच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं.

डिसेंबर 2020 मध्ये आमचं बिलिंग जानेवारीइतकं झालं होतं, आणि माणसं सोळा. बावीसांचं काम सोळा जण बारा-बारा तास करत होते. त्या महिन्यात कुणी फॉर्म पाठवला असता तर मी पुन्हा "तशीच राहील"वर खूण केली असती. 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा मला वाटलं, बरं झालं घाई केली नाही. तेव्हा वाटलेला तो सुटकेचा निःश्वास आज लिहितानाही नीट वाटत नाही, पण वाटला होता हे खरं.

आता तुमचा प्रश्न. आज आमच्याकडे चोवीस जण आहेत. एकोणीस हजेरीवर, पाच ठेकेदाराचे. थांबवलेल्या सातांपैकी चौघे परत आले, तिघे नाहीत. ठेकेदाराच्या पाचांत दोघांना दोन वर्षं होऊन गेलीत, ते मशीन चालवतात, सेटिंग करतात, आणि ते अजून ठेकेदाराचे का आहेत याला माझ्याकडे ऑर्डरचं कारण उरलेलं नाही. तुमची प्रतिक्रिया वाचली त्या रात्री मी घरात हा विषय काढला. या महिन्यापासून दोघांना हजेरीवर घेतोय. एकाचे कागद भरून झाले. दुसऱ्याच्या आधारवरचं आणि पीएफच्या खात्यावरचं नाव जुळत नाही, वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं आहे, ते दुरुस्त व्हायला सोमवारी त्याला अर्धा दिवस सुट्टी दिलीय.