दोन स्टार दिलेल्या ताईंना, आमच्या डान्स क्लासकडून

ताई नमस्कार, तुमचा रिव्ह्यू रात्रीच वाचला पण लगेच उत्तर दिलं नाही, म्हटलं डोकं शांत झाल्यावर लिहू. तुम्ही लिहिलंय की 200 रुपये तिकीट काढून दोन तास बसलो, अर्धा वेळ भाषण नि फोटो, उरलेला वेळ पोरी जमिनीवर लोळत होत्या, एक धड गाणं नाही, आणि अमेरिकेतल्या वारलेल्या बाईचं, म्हणजे मॉडर्न डान्सवाल्या मार्था ग्रॅहमचं, एवढं कौतुक नागपुरात कशाला.

आधी आमच्या चुका. कार्यक्रम 40 मिनिटं उशिरा सुरू झाला, एप्रिलच्या उकाड्यात लेकरं घेऊन तुम्ही बसलात, पाण्याचा एकच कॅन आणि तोही लवकर संपला, हे माझं नियोजन चुकलं, मनापासून सॉरी. पोस्टरवर पण 'मार्था ग्रॅहम डान्स कंपनीची 100 वर्षं' एवढंच मोठ्ठं टाकलं, मग कोणालाही वाटेल नं की त्यांचे डान्स बघायला मिळतील. ते परवानगीशिवाय करता येत नाहीत, बहुतेकांचे हक्क त्यांच्या संस्थेकडे आहेत, 2002 मध्ये तिकडच्या कोर्टात तसा निकालही लागलाय. म्हणून आम्ही फक्त त्यांच्या पद्धतीचा क्लास कसा चालतो ते दाखवलं, आणि हे आधीच सांगायला पाहिजे होतं.

पण लोळणं म्हणालात ते लागलं ताई. ग्रॅहमचा क्लास जमिनीवर बसूनच सुरू होतो. श्वास सोडताना ओटीपोट आत खेचायचं, पाठ आपोआप गोल होते, मग श्वास घेत पुन्हा सरळ, याला कॉन्ट्रॅक्शन नि रिलीज म्हणतात, सगळा डान्स इथूनच निघतो. बघायला सोपं वाटतं, करून बघा, थोड्या वेळात पोट थरथरायला लागतं. त्या मुली आठ महिने हे करताहेत, कोणी मानेवाड्याहून येते कोणी कामठीहून, कॉलेज नोकरी सांभाळून.

आणि ही बाई नागपुरात कशाला, तर ऐका. 1926 मध्ये न्यूयॉर्कला पहिला कार्यक्रम केला तेव्हा सोबत फक्त तीन शिष्या होत्या. 1930 मध्ये 'लॅमेंटेशन' केलं, शोक, त्यात त्या बाकावर बसलेल्या असतात, ताणणाऱ्या कापडात गुंडाळलेल्या, फक्त चेहरा, हात नि पाय दिसतात आणि त्या कापडाला आतून ओढत राहतात, चार-एक मिनिटं बस. मी पहिल्यांदा व्हिडिओ पाहिला तेव्हा मला आजोबा गेले त्या दिवशीची माझी आजी आठवली, पदर तोंडाशी धरून कोपऱ्यात डोलत बसलेली, एक शब्द नाही. तेव्हापासून मला ही बाई परकी वाटत नाही. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकचं आमंत्रण आलं तर हिटलरच्या राजवटीत नाचणार नाही म्हणून नकार दिला. 1991 मध्ये त्या गेल्या, कंपनी अजून चालू आहे, कारण हे एकीच्या अंगातून दुसरीच्या अंगात जातं, समोर बसून, हात धरून शिकवावं लागतं. आमच्या पोरींपर्यंत ते इतक्या लांबून पोचलं याचंच कौतुक होतं ते.

बॉलिवूड बॅच बंद होणार नाही, मंगळवार-गुरुवार आहे तशीच, काळजी करू नका. तिकिटाचे पैसे परत पाहिजे असतील तर क्लासवर तिकीट दाखवा, लगेच देतो. आणि कार्यक्रम संपल्यावर तुमची लेक स्टेजच्या कडेला बसून पाठ गोल करून बघत होती, जमत पण होतं तिला, एकदा शनिवारी सकाळी पाठवा, फी नको.