मेहतांनी बदललेला शब्द

हक्क निसर्गदत्त आहेत, म्हणजे ते समाज देत नाही, जन्मतःच असतात, असं एका लेखात वाचलं. ते म्हणणं मला अर्धंच पटतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या मानवी हक्क जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘ऑल मेन’ (शब्दशः ‘सगळे पुरुष’) असं होतं. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी आग्रह धरला, म्हणून तिथे ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ (सगळी माणसं) आलं. म्हणजे हक्क कोणाचे, हेसुद्धा माणसांनी भांडून ठरवलं. जाहीरनामाही मतदानानेच मंजूर झाला: ४८ देश बाजूने होते, ८ तटस्थ.

पण मग सगळं समाजानेच घडवलं म्हणावं, तर तेही गळी उतरत नाही. गुलामगिरी कायदेशीर होती, बहुतेकांना मान्यही होती. म्हणून साखळदंडातल्या माणसाची ‘हा अन्याय आहे’ ही तक्रार खोटी होती का? मुळीच नाही! कायदा नंतर बदलला, तक्रार आधीपासूनच खरी होती. लेखात या माणसाचा विचार यायला हवा होता.