बिल्बाओ अभ्यास सहल : दोन तारे देणाऱ्या पालकांना उत्तर

नमस्कार सर,

आम्ही नेलेल्या स्पेनमधल्या बिल्बाओ शहराच्या सहलीबद्दल, आपल्या मुलीच्या अनुभवावरून आपण लिहिलेलं वाचलं. गुगेनहाइम या आधुनिक कलेच्या म्युझियमला जेमतेम दोन तास, बाकी सगळा वेळ ‘गटारं आणि बंद कारखाने, जे ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये फुकट दिसतात’, पहाटे उठवून पावसात पायपीट, बस नाही, शाकाहारी जेवणाचे हाल, खरेदीला एकही दुपार नाही, आणि व्हिसाच्या नावाखाली पैसे घेतले, अशा आपल्या तक्रारी आहेत. पुढच्या वर्षीचे पालकही हे वाचणार, म्हणून उत्तर इथेच देतो.

आधी गटारांचं. बिल्बाओ म्युझियममुळे सुधारलं, असं आर्किटेक्चरची मुलंसुद्धा धरून चालतात. तारखा लावून बघा. सांडपाण्याचा आराखडा 1979 चा. ऑगस्ट 1983 मध्ये महापूर येऊन जुनं शहर बुडालं. 1988 मध्ये एउस्काल्दुना ही जहाजबांधणीची गोदी बंद पडली. शहरातली बंदराची कामं टप्प्याटप्प्याने नदीच्या मुखाकडे गेली. 1995 मध्ये मेट्रो आली आणि ऑक्टोबर 1997 मध्ये म्युझियम उघडलं. म्युझियम हा पंक्तीनंतरचा विडा होता, वाढप त्याआधी अठरा वर्षं चालू होतं. सांडपाणी अडवणाऱ्या वाहिन्या आणि गालिंदोचं शुद्धीकरण केंद्र यांवर म्युझियमच्या कितीतरी पट पैसा गेला. तो फोटोत येत नाही, इतकंच. सहलीचा क्रम आम्ही या कामांच्या क्रमानेच लावतो आणि तो कॉलेजच्या प्राध्यापकांनी आधी मंजूर केलेला असतो.

पहाटे उठवण्याचं कारण ओहोटी. नेर्विओन नदीचं शहरातलं पात्र म्हणजे खाडीच आहे. मोठ्या भरतीला पाण्याची पातळी चार मीटरच्या आसपास वरखाली होते. भरतीत धक्क्याची भिंत पाण्याखाली असते, काही दिसत नाही. ओहोटीत दगडाचे थर, शेवाळाची रेघ, जुन्या नळांची तोंडं आणि तळचा गाळ उघडा पडतो. मुलांना नदीकाठाचा छेद, म्हणजे उभा काप दाखवणारं रेखाचित्र, काढायचा असतो, तो याच वेळी नीट निघतो. वेळापत्रक भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरतं, न्याहारीच्या वेळेवरून नाही.

वागळे इस्टेट फुकट दिसतं, हे अगदी खरं. एमआयडीसीची ती पहिली वसाहत, मुलांनी ती जरूर पाहावी. पण बंद कारखान्याच्या जागेचं पुढे काय करायचं, हा प्रश्न जमीन कोणाची इथे येऊन अडतो. आपल्या खाडीकाठी महापालिका, रेल्वे, मेरीटाइम बोर्ड, कांदळवनासाठी वन विभाग, असे सगळे हिस्सेदार. बिल्बाओतही बंदर, रेल्वे आणि सरकारी कारखाने असेच बसले होते. त्यावर 1992 मध्ये ‘बिल्बाओ रिया 2000’ ही कंपनी काढली. निम्मे भाग केंद्राच्या संस्थांचे, निम्मे बास्क प्रदेशाचं सरकार, जिल्हा परिषद आणि नगरपालिकांचे. जमीन कंपनीकडे द्यायची, नगरपालिकेने वापर बदलायचा, भूखंड विकायचे आणि आलेला पैसा रेल्वेचे रूळ झाकून टाकणं, रस्ते, बागा यांत घालायचा. यातली मेख मुलांना तिथेच समजते : सगळं गणित जमिनीच्या भावावर. 2008 नंतर भूखंड विकले जाईनात आणि कंपनी कर्जात अडकली. ठाण्याच्या क्लस्टर (जुन्या इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासाच्या) योजनेवर प्रकल्प करणाऱ्या मुलीला हे कळणं म्युझियमच्या आणखी एका दालनापेक्षा जास्त उपयोगाचं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हे सगळं बघायची जागा म्हणजे आबान्दोइबार्रा, सुमारे 35 हेक्टर. गोदी आणि रेल्वे यार्ड होतं तिथे आज म्युझियम, सभागृह, विद्यापीठाचं ग्रंथालय आणि हिरवळीतून जाणारी ट्राम आहे. कारोला नावाची लाल क्रेन मुद्दाम ठेवली आहे. मुलं तिथे पाण्यापासून इमारतीपर्यंत मोजतात : धक्का, चालायची पट्टी, झाडांची ओळ, ट्रामचे रूळ, रस्ता. तीन जणांच्या गटाला तीस मीटरची टेप, एक लेझर मीटर, फळी, प्लास्टिकचं आवरण आणि 2बी पेन्सिल. लेझरचा ठिपका उघड्यावर उजेडात दिसत नाही, म्हणून टेप लागतेच. शाईचं पेन पावसात पसरतं. छत्रीऐवजी रेनकोट सांगितला होता, कारण टेप धरायला दोन्ही हात मोकळे लागतात. बिस्केच्या उपसागरावरची ती रिमझिम थांबायची वाट बघितली तर दिवस जातो. बुटांना पकड हवी हेही यादीत होतं : नदीवरच्या सुबिसुरी या पादचारी पुलाची जमीन काचेची, पावसात लोक घसरून पडत, शेवटी नगरपालिकेला वर चटई अंथरावी लागली. डिझाइनच्या मुलांसाठी एवढा स्वस्त धडा नाही.

आपण ज्याला बंद कारखाने म्हणता ते सोरोत्साउरे, नदीतला जुना कारखान्यांचा भाग. 2018 मध्ये देउस्तो कालव्याचा उरलेला बांध काढला आणि त्या द्वीपकल्पाचं बेट झालं. पाण्याला दुसरी वाट मिळाली, पुराची पातळी उतरते. आराखडा वास्तुविशारद झाहा हदीद यांच्या कार्यालयाचा. तिथे आधीपासून लोक राहतात, जुन्या गोदामांत कलाकार आणि छोटे व्यवसाय आहेत, बाजूला नवे टॉवर. काम अर्धवट दिसतं म्हणूनच नेतो. तयार झाल्यावर फक्त फोटो निघतील.

बस न ठेवण्याचं कारण साधं आहे. नदीकाठाचा बराचसा भाग पादचाऱ्यांचा, बस लांब उभी राहणार आणि आपण भाडं भरणार. मेट्रोचं ‘बारिक’ नावाचं एकच कार्ड अनेकांना मिळून चालतं, मात्र बाहेर पडतानाही तितक्याच वेळा टेकवावं लागतं. गट फुटला की हिशेब बिघडतो, म्हणून मुलांना एकत्र थांबवत होतो. आपल्या मुलीला ते जाचक वाटलं असेल, मान्य.

जेवण. स्पेनमध्ये ‘व्हेजिटल’ सँडविचमध्ये बहुधा ट्यूना आणि अंडं असतं, मसूरच्या आमटीत डुकराचं सॉसेज, तोर्तियात अंडं. म्हणून आम्ही पदार्थाचं नाव न सांगता ‘मांस, मासे, अंडं नाही’ असं स्पॅनिशमध्ये छापलेलं कार्ड प्रत्येकाला देतो. गेर्निकाच्या तळलेल्या मिरच्या, टोमॅटो लावलेला पाव, भाजलेल्या भाज्या मिळतात. रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी मागून उपयोग नाही, स्वयंपाकघर बंद असतं. थेपले आणि लाडू सांगितले होते ते त्या मधल्या वेळासाठी.

खरेदीची दुपार रविवारी सोडून कुठल्याही दिवशी छेदातून कापावी लागली असती आणि रविवारी तिथली दुकानं बंद. म्युझियम बहुतेक महिने सोमवारी बंद असतं, म्हणून ते मंगळवारी घेतलं.

व्हिसा : शिक्षकांसोबत अभ्यासासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या) व्हिसाचं 90 युरो शुल्क माफ असतं आणि ते आपल्याकडून घेतलेलं नाही. त्यासाठी कॉलेजचं पत्र, बोनाफाइड आणि दिवसवार शैक्षणिक कार्यक्रम जोडावा लागतो. आपण भरलेले पैसे अर्ज केंद्राचं सेवा शुल्क आणि किमान 30,000 युरोचा प्रवास विमा यांचे आहेत. दोन्ही पावत्या मुलीच्या नावाने ईमेलवर पाठवल्या आहेत. सापडत नसतील तर नौपाड्याच्या कार्यालयात या, मूळ प्रती काढून ठेवतो. शनिवारी दुपारी दोनपर्यंतच उघडं असतं.