मालवणचं 'फुकट पोवळं'

भाचा दिवाळीनंतर मालवणला चाललाय, स्कूबा करायला, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी मारायला. तर आईनं त्याला सांगितलं, "मन्हासाठे येक पोवयं लई येजो." मंगळाची अंगठी करायची आहे तिला. आम्ही अमळनेरचे, मंगळ ग्रहाचं मंदिर गावातच, त्यामुळे पोवळ्याचं मला नवल नाही. पण ते समुद्रातून उचलून आणायचं? ही अक्कल व्हॉट्सअ‍ॅपची. 'मालवण स्कूबा : खास माहिती' हा मेसेज मला आठवड्यात चार ग्रुपांवर आलाय. त्यातली वाक्यं एकेक करून बघू.

"सराफ हजारो रुपये घेतो, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ तळाशी पोवळं फुकट पडलेलं असतं."

अहो, अंगठीतलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. त्याचा सांगाडा घट्ट, म्हणून घासलं की चकाकतं. मालवणच्या खडकांवरचं दगडी प्रवाळ वेगळ्याच कुळातलं. आमच्या एका नातेवाइकांच्या शोकेसमध्ये गणपतीशेजारी असा एक तुकडा आहे, कुठल्याशा सहलीतून आणलेला. हातात घेऊन बघितला. पांढराफटक, खरबरीत, आणि अंगभर चांदण्यांसारखी बारीक भोकं. एकेका भोकात एकेक जीव राहत होता. आता तिथं धूळ बसते. अंगठीत बसवायला न्या, सोनार हसेल.

आणि हसण्यावारी जाणारं हे प्रकरणही नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे दगडी प्रवाळ आहे, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. तोडून आणलं तर ३ ते ७ वर्षं कैद होऊ शकते. वर मालवणचा समुद्र १९८७पासून सागरी अभयारण्य. मंगळ शांत करायला निघालेला पोरगा कोर्टाच्या पायऱ्या चढायचा.

"प्रवाळ दगडच असतो, त्यावर उभं राहून फोटो छान येतो."

दगडावर पातळ जिवंत साल असते. तिच्यात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळावर प्रवाळाचं बरंचसं पोट चालतं. गोळ्यासारखी वाढणारी काही प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. तुमच्या पायातल्या फिनची, म्हणजे पोहायच्या रबरी पंखाची, एक लाथ पुरते.

"खाली गेल्यावर श्वास रोखून धरा."

लिहिणारा बहुधा विहिरीत बुडी मारून आलाय. विहिरीत आपण काठावरची हवा घेऊन जातो, तिथं रोखणं ठीक. स्कूबात खालीच, दाबाखाली हवा घेतो. ५ मीटरवर दाब दीडपट असतो. तिथं छाती भरून हवा घेतली आणि रोखून वर आलात, तर ती दीडपट व्हायला बघते. फुप्फुस फाटू शकतं. श्वास संथ चालू ठेवायचा, कधीच रोखायचा नाही. भाच्याला हे तीनदा म्हणायला लावलं.

"पोहता येत नसलं तरी चालतं."

बरं, हे खरं आहे. नवख्यांच्या डाइव्हला प्रशिक्षक धरूनच नेतो, खोलीही थोडीच. पण लगेच पुढं लिहिलंय, "दमा असला तरी हरकत नाही." हरकत आहे. आधी डॉक्टरला विचारा, आणि डाइव्हआधीच्या फॉर्मवर खोटं लिहू नका.

माशांना बिस्किटं? नको. "काचेसारखं निळं पाणी"? ते अंदमानला. मालवणात बरेचदा काही मीटरच दिसतं, पण तेवढ्यातही पट्टेरी माशांचे थवे अगदी मास्कसमोर येतात.

आईला हे सगळं वाचून दाखवलं. आता तिनं पोवळ्याऐवजी मालवणी खाजं सांगितलंय, पाव किलो.